पाचवी बाटली

खोक्यातून आल्या सात.
प्रत्येकीच्या बुडाशी मी नेलपॉलिशने आकडा काढला
आणि एर्मेकच्या खडखडणाऱ्या जीपमधून
काराकोल मागे टाकून कुरणाकडे निघाले.
यंदा तीस घ्यायच्यात, तो म्हणाला होता,
पोट बिघडलं की पाहुणे पैसे परत मागतात.
सोमवारपर्यंत सांग,
कोण किती पाण्यात आहे.

इथलं पाणी दुधी.
डोंगर जात्यात घालून बर्फाने दळलेलं पीठ
वाहत येतं त्यातून, मुकाट.
पहिली बाटली अकराव्या घोटाला दमली.
दुसरी अठराव्या, दाबून दाबून
माझे अंगठे पांढरे पडले.
तिसरीतल्या पाण्याला
चपलांच्या नव्या दुकानाचा वास.
चौथी झाकणाशी गळते,
अर्धी पिशवी ओली, आणि त्यात ही वही.

बुरुलचा मेंढ्यांच्या दोऱ्या सोडत बघत होती.
“जिपारा, शहरात राहून
पाणी प्यायलाही शिकावं लागतं का गं?”
मी तिला प्रवाहाच्या वरच्या अंगाला
फुगून पडलेली मेंढी दाखवली.
ती म्हणाली, हो, लांडग्याने सोडलेली.
मग गोवऱ्यांच्या जाळावर किटली ठेवली.
काळी, एका बाजूने चेपलेली,
तिच्या बुडाशी आकडा नाही.

रात्री थंडी उतरली ती थेट हाडांपर्यंत.
पत्रकात, मुंगीच्या अक्षरात:
एकदा भिजलेला फिल्टर गोठू देऊ नये.
सहा बाटल्या पोटाशी घेऊन झोपले,
व्यालेल्या कुत्रीसारखी, कुशीही न बदलता.
सहाच.
पाचवी ओढ्याकाठच्या दगडावर राहिली.

सकाळी ती हातात घेतली तर आतून टकटक वाजली.
उन्हात ठेवली. विरघळली.
दिसायला जशी काल, तशीच आज,
ना तडा, ना ओरखडा.
आणि काय सांगू, पाणी असं सुटलं तिच्यातून,
जसं तिला कुणी माहेरी पाठवलं होतं.
“हीच सगळ्यात भारी!” बुरुलचाचा तेमिरलान ओरडला
आणि मी हिसकावायच्या आत
एक मोठा घोट घशाखाली.

वहीत मी आधीच लिहून बसले होते:
पाच, वेग सर्वोत्तम.
मग पेन थांबलं.
कालपर्यंत ही सुद्धा कुंथत होती.
कुठंतरी पाणी मुरतंय.

आत शेवयांसारख्या पोकळ तंतूंची जुडी,
केसाहून बारीक त्यांची भोकं,
त्यांतला एखादा फाटला तर
दिसणार कुणाला? प्रयोगशाळा चार तासांवर,
तीही रविवारी बंद.
कदाचित काहीच फाटलं नसेल.
कदाचित.
तुटलेल्या वस्तूने तुटल्यासारखं दिसावं,
एवढी तरी लाज असावी तिला.

ती रात्र मी तेमिरलानच्या कपाळाला हात लावत काढली.
ताप नाही. पोट मऊ.
पहाटे तो उठून घोड्यामागे पळालासुद्धा.
त्याने काहीच सिद्ध होत नाही,
हे मी वहीत लिहिलं,
आणि पाचच्या ओळीवर आडवी रेघ मारली.
रेघ थोडी वाकडी आली.

बुरुलचाने फिल्टर उपटून माझ्या हातावर ठेवला.
उरलेल्या बाटलीत मेंढीचं कोमट दूध भरलं.
परवा आई गेलेलं ते पिल्लू
झाकणाच्या चोचीला असं लुचलं,
की पुढचे पाय गुडघ्यात मोडले.
तिथे मात्र जलद धार बरी नाही,
ठसका लागतो म्हणून
ती बोटाने निम्मी चोच दाबून धरत होती.

सोमवारी एर्मेकने विचारलं, कोणती?
सहावी, मी म्हटलं. सावकाश देते.
पाहुणे कुरकुरतील.
रात्री तिला पांघरुणात घेऊन झोपायला शिकवावं लागेल त्यांना.
तो हसला, मग लिहून घेतलं.
तीस?
नाही, म्हटलं, पंचवीस घे.
उरलेल्या पैशांच्या किटल्या.